मुरगळलेला घोटा: सूज उतरल्यानंतर काय करायचं

घोटा मुरगळला की पहिले चार दिवस घरातले सगळे त्या पायाभोवती फिरतात. सूज उतरली, लंगडणं थांबलं की 'बरा झाला' म्हणून विषय संपतो. माझा उजवा घोटा असा दोन वर्षांत तीनदा 'बरा झाला'. तिसऱ्यांदा मुरगळला तेव्हा मी खेळतही नव्हतो, साध्या फरशीवर चालत होतो. तेव्हा कुठे लक्षात आलं की दर वेळी मी उपचार अर्ध्यावरच सोडत होतो.

आधी हाडाची शंका दूर करा

दुखापत झाल्याबरोबर आणि नंतरही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का ते बघा. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंची वर आलेली हाडं मागच्या कडेने दाबा, टोकापासून वर साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या मधोमध एक हाडाचा उंचवटा लागतो, तोही दाबा. आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे असलेलं हाड दाबा. चार पावलं जमत नसतील किंवा यांपैकी कुठेही नेमकं हाडावर दुखत असेल तर एक्स-रे काढायलाच हवा. डॉक्टर हे निकष 'ओटावा नियम' म्हणून वापरतात. 'बोटं हलतात, म्हणजे हाड मोडलेलं नाही' हे मात्र साफ चूक आहे. हाड मोडलेलं असतानाही बोटं हलतात.

लहान मुलं आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले लोक यांच्या बाबतीत घरच्या तपासणीवर विसंबू नका, थेट डॉक्टरांकडे जा. पाऊल वाकडं दिसत असेल, बधिर झालं असेल किंवा गार पडलं असेल, तर तपासणीतही वेळ घालवू नका.

पहिले दोन-तीन दिवस

पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत जा. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. त्याने दुखणं कमी होतं, याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. या दिवसांत शेक देऊ नका आणि कुणालाही पाय चोळू देऊ नका. 'चोळलं की शीर जागेवर बसते' म्हणणाऱ्यांना नम्रपणे दूर ठेवा. शीर हललेली नसते. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा, लिगामेंट) ताणलेला किंवा फाटलेला असतो, आणि चोळल्याने तिथला रक्तस्राव व सूज वाढते.

हालचाल

दुखणं सोसवेल तितपत घोटा वर-खाली हलवा, मग हळूहळू पायावर भार द्या. लंगडत फार चालण्यापेक्षा काठी घेऊन नीट चाललेलं बरं.

तोल

मी जिथे दोनदा चुकलो ती पायरी हीच.

अस्थिबंध हा काही नुसता दोर नाही. पाऊल कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं त्यात असतात. अस्थिबंध फाटला की ती खबरही बिघडते. मग पाऊल आत वळायला लागलं तरी पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे, घोटा सावरणारे स्नायू उशिरा जागे होतात. दुखत नाही, सूज नाही, तरी घोटा बेसावध असतो. म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो. 'माझा घोटाच कमजोर' म्हणून लोक ते सोडून देतात. कृपा करून तसं करू नका, हे सुधारता येतं.

दोन पायांवर वेदनेशिवाय उभं राहता आलं की सुरुवात करा. भिंतीजवळ, अनवाणी, दुखऱ्या पायावर उभे राहा. गुडघा किंचित वाकलेला हवा, ताठ नको. 30 सेकंद जमलं की डोळे मिटून करा. पहिल्यांदा डोळे मिटले तेव्हा मी पाच सेकंदही टिकलो नाही, आणि चांगल्या पायावर आरामात उभा होतो. दोन पायांमधला हा फरक स्वतः अनुभवा, मग तुम्हाला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. डोळे मिटूनही 30 सेकंद जमू लागले की डोळे उघडे ठेवून घडी घातलेल्या जाड चादरीवर उभे राहा. तेही जमलं की त्याच अवस्थेत चेंडू भिंतीवर टाकून झेला.

रोज पाच-दहा मिनिटं, निदान सहा ते आठ आठवडे. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, कारण पाय 'बरा' वाटत असतो. मी दोनदा तिथेच सोडलं होतं. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावली तेव्हाच ते टिकलं.

याच काळात टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू ठेवा, आधी दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर. शिवाय भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. दुखऱ्या बाजूला पाऊल भिंतीच्या जास्त जवळ आणावं लागत असेल, तर घोटा अजून आखडलेला आहे. तसाच पळायला गेलात तर भार दुसरीकडे जाईल.

मैदानावर परत

दिवस मोजू नका. दुखऱ्या पायावर लंगडी घालत दुसऱ्या पायाइतकंच अंतर, न घाबरता जाता आलं पाहिजे. मग सरळ पळा, मग नागमोडी, आणि उड्या सगळ्यात शेवटी. खेळताना काही महिने दोऱ्यांचा घोटापट्टा बांधा. त्याने पुन्हा मुरगळण्याचा धोका खरोखर कमी होतो आणि स्नायू दुबळे होतात ही भीती निराधार आहे. मात्र पट्टा बांधला म्हणून तोलाचा व्यायाम बंद करायचा नाही. सहा आठवड्यांनंतरही पाय अचानक दगा देत असेल किंवा घोट्याच्या आत खोल दुखत असेल, तर अस्थितज्ज्ञांना दाखवा. कधी कधी सांध्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला) इजा झालेली असते आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ती दिसलेली नसते.