मोहेंजोदडोची विहीर: प्रमाणात विटा पाडून शाळेच्या प्रदर्शनासाठी नमुना

सिंधू संस्कृतीचा नमुना म्हटला की थर्माकोलच्या भिंतीवर विटांचा छापील कागद चिकटवला जातो. पण त्या शहरांचं मोठेपण विटेतच आहे, आणि ती वीट हाताने पाडल्याशिवाय कळत नाही. जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण १:२:४. घरांच्या विटा साधारण ७ × १४ × २८ सें.मी. म्हणून नमुना एक सप्तमांश आकाराचा करा. मग साधी वीट बरोबर १ × २ × ४ सें.मी. येते आणि मुलांना हिशेब तोंडी करता येतो.

भिंत सगळेच बांधतात, तुम्ही विहीर बांधा. मोहेंजोदडोत सुमारे ७०० विहिरी असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यांच्यासाठी खास पाचरीच्या आकाराच्या विटा पाडल्या जात. वीट आतल्या टोकाला अरुंद आणि बाहेरच्या टोकाला रुंद. अशा विटांचं कडं पूर्ण झालं की बाहेरून माती जितकी रेटते तितक्या विटा एकमेकींत घट्ट बसतात. चौकोनी विटा गोलात लावल्या तर मागच्या बाजूला फटी राहतात आणि पावसात फुगलेली माती तिथूनच विटा आत ढकलते.

माती. चिकणमाती कुंभाराकडून घ्या, किंवा भरतीचं पाणी न चढणाऱ्या शेतातून. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातली माती हाताला छान लागते, पण तिच्यात मीठ असतं. वीट सुकली की ते पांढऱ्या बुरशीसारखं वर येतं आणि पृष्ठभाग भुगा होऊन गळतो. मोहेंजोदडोचे अवशेष आज याच क्षारांनी झिजताहेत. सुमेरच्या (आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन प्रदेशाच्या) शेतकऱ्यांनाही कालव्यांच्या पाण्यामागून जमिनीत चढणारं मीठ छळत असे. मीठ सोसणाऱ्या जवावर त्यांची मोठी भिस्त होती. बांध आणि मानस (पाणी सोडण्या-अडवण्याचं दार) सांभाळून खारं पाणी अडवणाऱ्या गोव्यातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चार वाट्या मातीला एक वाटी चाळलेली वाळू मिसळा. वाळू नदीची हवी. किनाऱ्यावरची घेतली तर पुन्हा मीठ आलंच. नुसत्या मातीची वीट सुकताना तडकते आणि वाळू जास्त झाली तर कडा झडतात. एका विहिरीला सुमारे ७ किलो ओलं मिश्रण लागतं. मोडतोड आणि विटा सांधायचा गारा (मातीचा चिखल) त्यात धरला आहे. मळून ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवा.

आकसणं मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळ्या विटा लहान निघतात. मातीची पट्टी करून तिच्यावर १० सें.मी.ची रेघ ओढा, पट्टी पूर्ण सुकू द्या, मग रेघ मोजा. ती ९.२ भरली तर ४ सें.मी.च्या विटेसाठी ४ × १० ÷ ९.२, म्हणजे साधारण ४.३५ सें.मी. कापावं लागेल. विटा भाजणार असाल तर पट्टीही भाजून मग मोजा.

विटा. सुकल्यावर हवं असलेलं माप: आतली बाजू २ सें.मी., बाहेरची ३.१, लांबी ४, जाडी १. अशा २२ विटांत आतून १४ आणि बाहेरून २२ सें.मी. व्यासाचं कडं पुरं होतं. म्हणजे खरी विहीर आतून साधारण एक मीटरची. आकसणं धरून जाड पुठ्ठ्याचा साचा कापा. ११ मि.मी. जाडीच्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये माती लाटा, दोन-तीन तास घट्ट होऊ द्या, मग साच्याच्या कडेने सुरीने कापा. लगेच कापलं तर कोपरे ओढले जातात. दहा थरांना २२० विटा लागतात, २५० करा.

सुकवणं सावलीत, फळीवर, रोज पालथ्या करत. उन्हात कडा आधी सुकतात आणि वीट होडीसारखी वाकते. जानेवारीत आठवडा पुरतो, पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा. सलग दोन दिवस वजन तेवढंच भरलं की वीट सुकली. गालाला गार लागली तर आत ओल आहे, आणि अशी वीट भट्टीत वाफेने फुटते. भाजायचं काम कुंभाराच्या भट्टीतच करावं.

बांधणी. ३५ सें.मी. चौरस प्लायवूडवर ७ आणि ११ सें.मी. त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. पहिला थर आधी कोरडाच लावून पाहा. मागे फटी दिसल्या तर विटांची पाचर कमी पडली आहे. त्या फटी गाऱ्याने बुजवू नका, साचा सुधारा. सांधा अर्ध्या मि.मी.चा ठेवलात तर २२ सांध्यांनी व्यास साडेतीन मि.मी. वाढतो, तेवढं चालतं. गारा त्याच मातीचा, दह्यासारखा. भाजलेल्या विटा आधी पाण्यात भिजवा, नाहीतर त्या गाऱ्यातलं पाणी शोषून घेतात आणि सांधा धरत नाही. कच्च्या विटांना फक्त ओला ब्रश फिरवा.

दुसऱ्या थराची वीट खालच्या सांध्यावर मधोमध यायला हवी. दिवसाला तीनच थर बांधा. त्याहून जास्त चढवले तर ओला गारा दबून कडं एका बाजूला कलतं. गावात चिऱ्याची जुनी विहीर असेल तर मुलांना आधी तिथे नेऊन सांधे दाखवा.

सगळ्यात वरच्या थरावर आतल्या कडेला कानसने दोन-तीन खाचा घासा. दोर घासून पडलेल्या अशाच खाचा तिथल्या विहिरींच्या काठांवर सापडल्या आहेत. बाहेरून अर्ध्या बाजूला माती भरा, अर्धी उघडी ठेवा. वस्तीची पातळी वाढत गेली तशी लोकांनी विहिरींची कडी वर चढवत नेली, म्हणून उत्खननात भोवतालची माती काढल्यावर त्या धुराड्यांसारख्या उभ्या दिसतात. शेजारच्या पाटीवर काळ लिहा: इ.स.पू. २६०० ते १९००. आणि एक सुटी वीट पट्टीसह बाजूला ठेवा, येणाऱ्याने स्वतः मोजून पाहावी.