ऑर्किडची कुंडी भरताना

ऑर्किडला माती नको. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम ही झाडांच्या खोडांवर वाढणारी. त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, तोही टाळा, तो चिखलासारखा बसतो.

पुण्यात डेंड्रोबियमसाठी ३ भाग लाकडी कोळसा, २ भाग विटांचे तुकडे, १ भाग नारळाचं सोडण असं मिश्रण घ्या. तुकडे २ ते ३ सेंमीचे. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा चालतो, फक्त राख नको. विटा रात्रभर भिजवा, भुगा धुऊन टाका. सोडणाला जास्त वेळ द्या: त्यात क्षार असतात, मुळांची टोकं काळी पडतात ती बहुधा त्यानेच. तीन दिवस भिजवून रोज पाणी बदला.

फॅलेनॉप्सिसला ओल जास्त लागते. सोडण दुप्पट करा, वर चिमूटभर मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ. मॉस दाबून भरलं की पावसाळ्यात मुळं सडलीच म्हणून समजा.

कुंडी बाजूला भोकं असलेली, मुळांपेक्षा बोटभरच मोठी. मुळांना नवी हिरवी टोकं दिसली की कुंडी बदला. झाड हलत असेल तर काठीला बांधा, हलत्या झाडाची कोवळी मुळं घासून मरतात. सोडण दोन वर्षांत कुजतं. बोटाने चुरडलं तर बदला.