पेडण्याची पोर, पणजीचा माईक

ओपन माईकला, म्हणजे कुणीही पाच मिनिटं विनोद करून दाखवायच्या मंचाला, नाव कसं द्यायचं, वेळ संपल्याचा लाईट दाखवला की मुकाट उतरायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते सोडून देते. गोव्यात राहून 'आपण नक्की कुठले' यावर विनोद करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी त्यात दीड वर्ष फुकट घालवलं आणि अजून आठवलं की कान गरम होतात.

मी उत्तर गोव्यातल्या पेडण्याची. आमच्या घरात आरती मराठीत, भांडण कोंकणीत, अर्ज इंग्रजीत. पुण्याला शिकायला गेले तर 'तुम्ही कोंकणी लोक', दक्षिण गोव्यात सासष्टीत गेले तर 'तुम्ही मराठीवाले'. एवढा माल घरात पडलेला असताना मी केलं काय? पणजीत ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते त्या किरिस्तांव (ख्रिश्चन) आंटींचा आवाज काढला. त्यांचं मराठी, त्यांचे हेल, त्यांचं बोलण्यातलं 'मगो'. पाच मिनिटांतली साडेतीन मिनिटं तेच. कॅफेत पुण्या-दिल्लीचे पर्यटक टेबलं बडवत होते. मला वाटलं, जमलं.

नाही जमलेलं. हा खड्डा नीट समजून घ्या, कारण तो खड्डा वाटतच नाही. हंगामात इथल्या प्रेक्षकांत अर्धेअधिक बाहेरचे असतात. त्यांना जे आधीच ठाऊक आहे, म्हणजे फेणी, सुशेगाद आणि सिनेमातला गोंयकार, तेवढंच तुम्ही दिलंत की ते हसतात. हशा आला की पुढच्या वेळी तुम्ही तेच थोडं जास्त देता. बघता बघता तुम्ही आपल्याच शेजाऱ्यांचे टूर गाईड होता. वाईट म्हणजे हे सगळं टाळ्यांत होतं. पडलात तर निदान कळतं तरी!

मला कळलं ते एका रात्री आंटीच दोन भाच्यांना घेऊन न सांगता पुढच्या टेबलावर येऊन बसल्या तेव्हा. माझ्याकडे एकदम दीडच मिनिट उरलं. उरलेला वेळ मी पंख्यावर बोलले. बाहेर आंटींनी विचारलं, "घरांत म्हजो आवाज काडटा, हांगा कित्याक काडलो ना?" घरात काढतेस, मग इथे का नाही, असं. त्यांना राग नव्हताच. लाज माझी होती, आणि ती का वाटली हे शोधायला आणखी दोन महिने लागले.

मग मी फोनवरची सगळी रेकॉर्डिंग ऐकली. हशा शब्दांवर नव्हता, हेलावर होता. हेल वगळून तोच मजकूर सपाट आवाजात वाचून पाहिला. काही उरलं नाही. आणि त्याच आंटी रोज जेवताना जे बोलायच्या ते मी कधी लिहूनच घेतलं नव्हतं! मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला, नातू तिथलाच. आंटी म्हणाल्या होत्या, "पूत पोर्तुगेज, नातू इंग्लेज, भाडें येता पेडण्याचें. ह्या घरांत गोंयकार हांव आनी माजर." हांव म्हणजे मी. हे मराठीत, कुठल्याही आवाजात सांगा, लोक हसतात. म्हणून माझा नियम: सपाट वाचून हसू आलं तरच माईकवर.

आता बरी गोष्ट. असा माल प्रत्येकाच्या घरात असतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७च्या ओपिनियन पोलमध्ये आमच्या आजोंनी विलिनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला, आजीने वेगळं राहण्याच्या दोन पानांवर. गोव्यात फूल ३४,०२१ मतांनी हरलं, आमच्या घरात एकास एक. फेरमोजणी मरेपर्यंत चालू होती. हा माझा आजवरचा सगळ्यात चांगला तुकडा, आणि तो मडगावातही चालतो, डिचोलीतही. पुण्यात मात्र आधी अर्धं मिनिट इतिहास सांगावा लागतो, तिथे तो निम्मा मरतो. त्यावर इलाज मला सापडलेला नाही.

शिकायचं कुणाकडून? 'दोन दिवसांत तुमची पाच मिनिटं तयार' अशा कार्यशाळेला मी पैसे भरले होते. तिथे मला 'तुमचा गोवन अँगल वाढवा' असं सांगितलं. म्हणजे खड्डा आणखी खोल खणा. त्यापेक्षा जत्रेत दशावतार पाहा. त्यातला संकासूर लिहिलेल्या संवादाशिवाय, समोरच्या गावाची नाडी बघून बोलतो. भाषा अर्धी कळत असली तरी तियात्राला, म्हणजे कोंकणी नाटकाला जा, दोन पडद्यांमधली कांतारां (गाणी) ऐका. राजकारण्यांना इतकं तोंडावर बोलणारे आपल्या कॅफेत सापडायचे नाहीत. आणि पहिला तियात्र १८९२ साली झाला तो मुंबईत. खरा गोंयकार कोण, यावर कुणी हुज्जत घातली की मी एवढंच सांगते. प्रेक्षकांना टोचून बनवलेल्या रीलने फॉलोअर वाढतात. पाच मिनिटं वाढत नाहीत.

नोकरी सोडू नका. पुन्हा लिहिते, सोडू नका. ओपन माईकला पैसे मिळत नाहीत, आणि जूनपासून किनाऱ्यावरच्या जागा एकेक करून बंद होतात. मी अजून वेर्ण्याच्या कारखान्यात लेबलं तपासते. देऊळ-इगर्जीवर (चर्चवर) बोलणार असाल तर भारतीय न्याय संहितेचं, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दलचं कलम २९९ वाचून ठेवा; तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घाबरा असं म्हणत नाही. मी दोन्हींवर बोलते, पण आमच्या देवळापासून सुरुवात करते.

पहिले पाच-सहा वेळा पडालच. रात्रीची पेडण्याची बस चुकेल, म्हणून पणजीत झोपायची सोय आधी बघा. पावसाळ्यात घरच्यांचं बोलणं वहीत उतरवा, त्यांना सांगून. आंटींना मी आता विचारते. त्या म्हणतात, "काड, पूण म्हजें नांव सांग." नाव मी अजून सांगितलेलं नाही.