पावसाळ्यात तबली चिकटवू नका

माझ्या बाकावर सध्या नववी गिटार आहे, भाचीसाठी. ती पणजीत राहते, नायलॉन तारांची क्लासिकल गिटार वाजवते, आणि तिच्या घराच्या खिडकीतून मांडवीचं पाणी दिसतं. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतोय. गिटार कुठल्या हवेत राहणार आहे हे कळल्याशिवाय मी तिच्या तबलीला, म्हणजे तारांखालच्या पातळ लाकडी फळीला, हात लावत नाही.

गिटारवाले तिला टॉप किंवा साउंडबोर्ड म्हणतात. मी तबलीच म्हणतो. कोल्हापूरहून मिरज पन्नास किलोमीटर. तिथल्या सतारमेकरांकडे मी दोन वर्षं रविवारी जाऊन बसत होतो. तुणीच्या लाकडाची तबली हातात धरून बोटाच्या पेराने ठोकायची आणि कानाशी न्यायची, हे मी तिथे शिकलो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे महिनोन्‌महिने वाळत पडलेले असतात आणि कोणालाही घाई नसते. गिटार त्यांनी केलेली नाही, पण लाकडाशी कसं वागायचं हे त्यांच्याकडूनच घ्यावं.

त्याआधी एकतीस वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने, बनवत होतो. बिडाचा रस साच्यात थंड होताना आकसतो, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. आमची श्रिंकेज स्केल तशीच आखलेली असते, तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा लांब. एवढं हाडीमांसी असूनही पहिल्या गिटारची तबली मी ऐन जुलैत चिकटवली. पुढच्या मार्चमध्ये, दुपारी जेवायला बसलो असताना, आतल्या खोलीतून 'टाक' असा आवाज आला. ब्रिजच्या, म्हणजे तबलीवर तारा बांधतात त्या पट्टीच्या, खालून शेपटीपर्यंत सरळ चीर. त्या दिवशी बसून हिशेब केला, तो तुम्ही आधीच करा.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी मुरतं, ४५ टक्के असेल तर आठ-साडेआठ. या फरकाने स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या लाकडाची तबली रुंदीत जवळजवळ एक टक्का आकसते. लांबीत मात्र नगण्य. म्हणजे बिडाचाच आकडा, मीटरला दहा मिमी. क्लासिकल गिटार खालच्या फुगवट्यात ३६०–३७० मिमी रुंद असते. साडेतीन मिमी आकसायचं आहे, आणि तिच्या पोटात आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. त्या पट्ट्यांचे धागे त्यांच्या लांबीत धावतात, त्यामुळे त्या लांबीत आकसत नाहीत. तबली आत येऊ पाहते, पट्टी येऊ देत नाही. मग लाकूड फाटतं. गोंद, पॉलिश, तारा, यांचा यात काही दोष नाही.

उलट झालं तर नुकसान कमी. कोरड्या हवेत चिकटवलेली तबली दमट हवेत गेली की फुगते, पोट वर येतं, तारा थोड्या उंच होतात. ते ब्रिजवरचं, तारा टेकतात ते हाड घासून सावरता येतं. म्हणून नियम एकच: जिथे गिटार राहणार तिथल्या कोरड्यात कोरड्या दिवसांचा विचार करून चिकटवा. पुण्यातला माझा एक मित्र व्यवसाय म्हणून गिटार करतो आणि परदेशी पाठवतो, तो ४२ टक्क्यांवर काम करतो. पणजीसाठी मी ५० धरले. भाची उद्या दिल्लीला गेली तर, हा विचार करून ५५ धरले नाहीत.

आता कामाकडे.

आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारा काटा, तपासा. बाजारातले स्वस्त काटे दहा-दहा टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवा. रात्रभर गेल्यावर आकडा ७५ हवा. ७० दाखवत असेल तर तुमचा काटा पाच कमी सांगतो. त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

मग कपाट. माझं प्लायचं आहे, आत ४० वॅटचा दिवा आणि छोटा पंखा. हवा तापली की तिची आर्द्रता उतरते: २४ अंशांवर ८५ टक्के असलेली हवा ३३ अंशांपर्यंत नेली तर ती ५० च्या आसपास येते. पण हा उपाय साठवणीसाठी. पावसाळ्यात कपाटातून काढलेली तबली दमट खोलीत चिकटवायला घेतलीत, तर गोंद वाळेपर्यंत ती पुन्हा पाणी प्यायलेली असते. खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर आषाढ-श्रावणात नेक (गिटारची मान) कोरा, साचे करा, पटाश्यांना धार लावा. चिकटवण्याचं काम दसऱ्यानंतर.

लाकूड तयार झालं हे हायग्रोमीटर सांगत नाही, वजन सांगतं. सोनारकामाचा छोटा वजनकाटा हजारेक रुपयांत मिळतो. तबलीच्याच लाकडाचा एक तुकडा कपाटात ठेवून रोज त्याच वेळी तोला आणि वहीत लिहा. तीन दिवस आकडा हलला नाही की लाकूड हवेशी जुळलं.

लाकूड निवडताना नसा उभ्या पाहिजेत, म्हणजे फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वर्षवलयांच्या रेघा पृष्ठभागाला काटकोनात. अशी फळी रुंदीत सर्वांत कमी आकसते. एकाच फळीचे दोन पदर पुस्तकासारखे उघडून मधोमध सांधायचे असतात. पहिल्या प्रयत्नाला आयात केलेलं स्प्रूस नको, देवदारावर हात बसवा. माझ्या पहिल्या तीनही तबल्या देवदाराच्या होत्या, आणि तिसरी अजून पुतण्याच्या घरी छान वाजते.

सांधा रंध्याने करायचा, पॉलिश पेपरने कधीही नाही. पेपर कडा गोलावतो. दोन्ही पदर एकमेकांवर ठेवून एकदम रंधा मारा, मग कडेला कडा लावून खिडकीसमोर धरा. उजेडाची रेघ कुठेही दिसता कामा नये. दिसली तर पुन्हा. या एका सांध्यावर मी अख्खी सकाळ घालवतो आणि ती वाया गेली असं मला एकदाही वाटलं नाही. दाबण्यासाठी महागडे क्लॅम्प नकोत. फळीवर पदर ठेवून दोरीचे वेढे द्या आणि दोरीखाली पाचरी सरकवा.

गोंद म्हणून मी सरस वापरतो. दाण्यांच्या दुप्पट वजनाचं पाणी घालून रात्रभर भिजवा, सकाळी पातेल्यातल्या गरम पाण्यात बरणी ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावा. उकळला तर ताकद गेली. सरस काचेसारखा कडक वाळतो आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर वाफेने सुटतो. तो चामड्या-हाडांपासून होतो, त्यामुळे ज्यांच्या घरात चालत नाही त्यांनी सुतारकामाचा पिवळा गोंद घ्यावा. साधा पांढरा गोंद उन्हात उभ्या गाडीतल्या तापाने मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने पट्टी हळूहळू सरकते. नायलॉनच्या सहा तारांची मिळून ओढ चाळीस किलोंच्या आसपास असते, आणि ती रात्रंदिवस असते.

सांधा वाळला की जाडी. तीन मिमीपर्यंत रंध्याने उतरवा, पुढे पोलादी स्क्रॅपरने. स्प्रूस सव्वादोन ते अडीच मिमीवर थांबतं, पण आकड्याआधी हाताला विचारा. दोन्ही कडा धरून पीळ द्या, आडवी वाकवा, ठोका. ताठ फळी पातळ करता येते, मऊ फळी जाड ठेवावी लागते. भाचीची तबली २.३ वर थांबली, कडेला २.१. मधल्या भोकाभोवतीची नक्षी हा वेगळा विषय आहे. मी शिसवीची एक साधी कडी बसवतो आणि ८५ मिमीचं भोक कापतो.

आता आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेस. गिटारचा आवाज इथे ठरतो असं मी म्हणतो तेव्हा माझा भरवसा स्पेनमधल्या आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेसवर आहे. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार आणि पंख्यासारख्या सात ब्रेसची मांडणी त्याच्याकडून रूढ झाली. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, तबली मात्र चांगल्या लाकडाची. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तबली काय करते हे दाखवायला याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. म्हणून पाठीच्या शिसवीवर पैसे ओतण्याआधी तबलीवर वेळ घाला.

ब्रेसचं लाकूड करवतीने कापू नका, फोडा. पटाशी धरून हातोडीने ठोका, लाकूड आपल्या धाग्याने फुटेल, मग तो तुकडा रंध्याने सरळ करा. कापलेल्या पट्टीत धागा तिरका बाहेर निघू शकतो, आणि तशी पट्टी बारीक केल्यावर तिथेच मोडते. पंख्याचे सात ब्रेस मी पाच-साडेपाच मिमी रुंद घेतो. भोकाच्या वर आणि खाली दोन आडवे, पंधरा मिमी उंच.

तबली सपाट नसते, पोटाला दोन-अडीच मिमीचा उठाव असतो. त्यासाठी जाड पाट घेऊन तो मधोमध तेवढा खोलगट तासायचा. पॅटर्नमेकरला हे काम सोपं, तुम्हाला दोन दिवस लागतील. ब्रेसच्या बुडाला खडू लावून पाटाच्या उताराशी जुळवा, बूड टेकतं तिथून खडू पुसला जाईल.

दाबण्यासाठी बांबू. बुरूडाकडून सरळ पेराच्या कामट्या घ्या, दहा मिमी रुंद, पाच जाड. पाटाच्या वर दुसरी फळी चार आट्यांच्या रॉडवर पक्की करा आणि ब्रेस ते वरची फळी यातल्या अंतरापेक्षा कामटी २५–३० मिमी लांब ठेवा. ६०० मिमीच्या अंतरात वाकवून बसवली की एक कामटी साधारण चार किलोंनी दाबते. प्रत्येक ब्रेसला चार-पाच लावा. एका वेळी एकच ब्रेस चिकटवा, कारण सरस थंड व्हायला मिनिटही लागत नाही. चिकटवण्याआधी दोन्ही भाग हेअर ड्रायरने कोमट करा. आणि सुरुवात करण्यापूर्वी हायग्रोमीटर बघा. पन्नासच्या वर गेला असेल तर सरस गरम झालेला असला तरी काम थांबवा. गेल्या आठवड्यात अवेळी पाऊस आला आणि मी असाच चार दिवस थांबलो. बरणीतला सरस फ्रिजमध्ये राहतो.

शेवटचं काम कोरण्याचं. ब्रेस चिकटल्यावर तबली ठोकली तर आवाज वर चढलेला आणि कोरडा येतो. अरुंद पटाशीने पंख्याच्या ब्रेसची टोकं उतरवत जा, उंची मध्ये साडेचार मिमी आणि टोकाला दोन. आठ-दहा फटक्यांनंतर थांबायचं, तबली काठापासून साधारण पाचव्या भागावर दोन बोटांत लोंबती धरायची आणि ब्रिजच्या जागी ठोकायचं. आवाज खाली येतो, लांबतो. एक क्षण असा येतो की 'टक'चा 'धुम' होतो, आणि तिथे हात आखडता घ्यायचा. मिरजेला सतारीच्या घोडीचा माथा घासून जव्हारी लावणारे कारागीरही असेच दोन फटके मारून तार छेडतात. त्यांना झणकार हवा असतो आणि आपल्याला तो नको असतो, पण ऐकत ऐकत घासण्याची पद्धत एकच.

कानावर पूर्ण विसंबू नका. मी तबली कडांवर टेकवून मध्ये एक किलोचं वजन ठेवतो आणि ती किती वाकली ते डायल गेजवर वाचतो. माझा आकडा तुम्हाला सांगून उपयोग नाही, तुमचा पाट वेगळा, लाकूड वेगळं. पण तुमच्या वहीत पहिल्या गिटारचा आकडा असेल तर दुसरीच्या वेळी तो सोन्यासारखा आहे. आठवीत मी ब्रेस जास्त उतरवले होते. खर्ज भरला, पण वरच्या तारेचा आवाज दोन फुटांवर विरतो. नववीत म्हणून मधले तीन ब्रेस अर्धा मिमी जास्त उंच ठेवलेत.

तिची तबली काल पुरी झाली. वजन १६८ ग्रॅम. ती कपाटात आहे, काटा ४९ वर. रविवारी शिसवीच्या बाजू गरम नळीवर वाकवायला घेणार आहे, आणि सरसाची नवी पिशवी आणायची आहे.