जुन्या टर्बो डिझेल गाडीसाठी एअर फिल्टरचा डबा कसा शोधावा

फिल्टर साफ करायला क्लिप उचलली आणि डब्याचा कानच हातात आला, असं जुन्या डिझेल गाड्यांत हमखास होतं. पंधरा-वीस वर्षं इंजिनशेजारी तापून-निवून प्लास्टिकमधला लवचिकपणा गेलेला असतो. मग गॅरेजमध्ये तार गुंडाळली जाते, भेगेवर एम-सील दाबलं जातं, गाडी पहिल्यासारखी पळते आणि विषय तिथेच मिटतो. तो तसा मिटू देऊ नका. फुटका डबा बदलायचा असतो, आणि गाडी कितीही जुनी असली तरी थोडी चिकाटी ठेवली की तो मिळतो.

आधी धोका समजून घेऊ. १.९ लिटरचं डिझेल इंजिन २००० आरपीएमवर मिनिटाला साधारण १९०० लिटर हवा ओढतं. टर्बोने जोर धरला की त्याहून बरीच जास्त. ही सगळी हवा त्या काळ्या डब्यातून जाते. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्या वेगात पात्यावर आदळणारा प्रत्येक कण त्याची कड कुरतडतो. तीच धूळ पुढे सिलिंडरमध्ये उतरते, रिंगा झिजतात आणि गाडी ऑइल खायला लागते. आपल्याकडे काळ्या मातीचा फुफाटा आहेच, पण त्याहून वाईट ती रस्त्याच्या कामावरची खडीची भुकटी. ती बसाल्टची असते, कठीण असते. परभणीहून गंगाखेडकडे किंवा बीडहून माजलगावकडे जाताना हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे दहा मिनिटं अडकलात की डब्यात काय जात असेल याचा अंदाज काचेवरूनच येतो.

नेमकं काय फुटलंय

दुकानात जाण्याआधी डबा पूर्ण बाहेर काढा. त्याचे साधारण पाच भाग असतात: बाहेरून हवा आणणारं नळकांडं, खालचा डबा, वरचं झाकण, टर्बोकडे जाणारा रबरी होज आणि डबा ज्यावर बसतो ते रबर बुश. बहुतेक आधुनिक गाड्यांत झाकणाला किंवा त्याच्या लगेच पुढे आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो. गॅरेजवाले त्याला नुसतं ‘मॅफ’ किंवा ‘एअर फ्लो’ म्हणतात.

फिल्टरच्या अलीकडची बाजू मळकी आणि पलीकडची स्वच्छ, हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. मळक्या बाजूला तडा असेल तर आत येणारी हवा तरीही फिल्टरमधून गाळूनच पुढे जाते. पाणी शिरण्याची आणि इंजिनची गरम हवा ओढली जाण्याची भीती असते, पण आठ-पंधरा दिवस निभावता येतं. स्वच्छ बाजूला, म्हणजे झाकणाला, त्याच्या कडेला किंवा पुढच्या होजला तडा असेल, तर धूळ फिल्टरला वळसा घालून थेट टर्बोत जाते. अशा गाडीने लांबचा प्रवास करू नका.

स्वच्छ बाजूच्या आतून पांढरं फडकं फिरवून पाहा. नुसती हलकी काळी-तेलकट झाक असेल तर काळजीचं कारण नाही; इंजिनमधली तेलकट वाफ बाहेर काढणारा ब्रीदर पाईप टर्बोच्या अलीकडे जोडलेला असल्याने थोडा ऑइलचा अंश तिथे असतोच. पण फिल्टरच्या कडेपासून सुरू होऊन होजच्या तोंडाकडे जाणारे मातकट ओघळ दिसले, तर तिथूनच धूळ चुकते आहे.

फक्त स्टीलची क्लिप गेली असेल तर अख्खा डबा शोधत बसू नका. ती सुटी मिळते. रबर बुश मात्र खराब दिसले की नवीनच घ्या. ते दगडासारखे झाले की इंजिनचा थरकाप थेट प्लास्टिकवर येतो, आणि बरेचदा डबा फुटण्याचं मूळ कारण तेच असतं. दुसरं कारण म्हणजे जाड रबराचा, चुकीच्या मापाचा फिल्टर कोंबून क्लिपा जोराने बसवणं.

नंबर शोधा, गाडीचं नाव पुरत नाही

‘स्विफ्ट डिझेलचा डबा द्या’ असं म्हणून योग्य माल मिळेलच असं नाही. १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं, पुंटो आणि लिनियातही होतं. इंजिनचा वंश एक, पण डबा इंजिनपेक्षा बॉडीच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. त्यामुळे एकाचा दुसऱ्याला बसेल असं गृहीत धरू नका.

डबा धुऊन उन्हात धरा. प्लास्टिकवर उठावदार अक्षरांत कंपनीचं चिन्ह, पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा पीपी किंवा पीए अशी प्लास्टिकची खूण दिसते. झाकणाचा आणि खालच्या डब्याचा नंबर वेगळा असतो. दोन्ही लिहून घ्या, फोटो काढा. शेवटचं अक्षरसुद्धा सोडू नका, बदललेली आवृत्ती त्यावरून कळते.

स्कोडा-फोक्सवॅगनच्या नंबरात हे चांगलं दिसतं. पहिली तीन अक्षरं गाडीच्या घराण्याची, मधले तीन आकडे भागाच्या गटाचे, पुढचे तीन त्या भागाचे आणि शेवटी आवृत्तीचं अक्षर. मधला १२९ हा हवेच्या मार्गाचा गट. जुन्या ऑक्टाव्हिया १.९ टीडीआयच्या बऱ्याच भागांवर सुरुवातीला ‘१जे०’ दिसतं, कारण ती गाडी चौथ्या पिढीच्या गोल्फच्या प्लॅटफॉर्मवर बनली. गोल्फची ती पिढी आपल्याकडे विकली गेली नाही, पण परदेशी विक्रेत्याकडे शोधताना हा धागा फार उपयोगी पडतो. लॉराचा डबा मात्र ऑक्टाव्हियाला लावायला जाऊ नका. लॉरा पुढच्या पिढीची.

ऑक्टाव्हियाचा उल्लेख मुद्दाम केला. ही गाडी २००१ पासून आपल्याच, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची आणि मराठवाड्यात तिच्यावर जीव असलेले लोक आजही आहेत. पण ती सुट्या भागांच्या संचातून जुळवली जात होती, म्हणून कारखाना जवळ असला तरी जुना भाग जवळच पडून असेल असं नाही.

नंबर पुसला गेला असेल तर आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्या गाडीचं चित्र आणि नंबर दोन्ही निघतात. भाग मिळाला नाही तरी नंबर तेवढा लिहून मागा. चांगला काउंटरवाला देतो.

कुठे शोधायचं

पहिली विचारणा कंपनीच्या काउंटरवरच करा. ‘बंद झाला’ हे उत्तर लगेच मान्य करू नका; ‘नंबर बदलून आलाय का, आणि दुसऱ्या डेपोत एखादा शिल्लक आहे का, तेवढं बघा’ असं सांगा. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण रस्त्यावर इतक्या आहेत की भाग मिळण्याची आशा चांगली. शेव्हरोलेची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. या गाड्यांसाठी जुन्या मालाची तयारी पहिल्यापासूनच ठेवा.

दुसरा मार्ग जुन्या गाड्या खोलून सुटे भाग विकणाऱ्यांचा, आणि माझ्या मते पंधरा वर्षांवरच्या गाडीसाठी हाच सर्वांत भरवशाचा. संभाजीनगर, नांदेड, लातूर इथे गाड्या खोलणारे आहेत. तिथे नाही मिळालं तर पुण्यात नाना पेठेतली स्पेअरची दुकानं आणि मुंबईत कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार. नांदेड-लातूरकरांना हैदराबादही तेवढंच सोयीचं. आपल्या भागातलं भंगार लोखंड जालन्याच्या स्टील कारखान्यांकडे जातं, पण प्लास्टिक त्याआधीच वेगळं काढून किलोवर विकलं जातं. म्हणून अपघातात मागून ठोकलेली तुमच्या मॉडेलची गाडी आल्याचं कळलं की त्याच दिवशी फोन करा; पुढचा भाग तिचा शाबूत असतो.

फोनवर नुसतं ‘आहे का’ विचारू नका. बोलणं साधारण असं व्हावं:

‘भाऊ, डबा अख्खा आहे का? झाकण, खालचा भाग, दोन्ही?’
‘हो हो, सगळा आहे.’
‘मग झाकण उघडून आतल्या कडेचा फोटो टाका. चारी कान जवळून. आणि नंबर दिसेल असा एक.’
‘एवढे फोटो कशाला, दादा? चालू गाडीचा आहे.’
‘लातूरहून परत पाठवायला तुम्हालाही त्रास, मलाही. फोटो बघतो आणि लगेच पैसे टाकतो.’

या उत्तरावर जो फोटो पाठवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून किंवा एसटीच्या पार्सलने येतो. जुनं प्लास्टिक गोणीत टाकून पाठवलं तर वाटेतच कान जातो, म्हणून खोक्यात, आतून कापड किंवा कागद कोंबून पाठवायला सांगा. परदेशातून मागवायचं तर उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी असलेला इंग्लंडचा विक्रेता सोयीचा, पण डब्याचा आकार मोठा, त्यामुळे कुरिअर आणि कस्टम ड्युटी जोडून मगच ठरवा.

लोकल बनावटीचा नवीन डबा दिसायला चकचकीत आणि स्वस्त असतो. त्याच्या कडा सरळ आहेत का, फिल्टरचं रबर बसायची खाच पूर्ण खोल आहे का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नका. न जुळणाऱ्या नव्या डब्यापेक्षा शाबूत, कंपनीचा जुना डबा कधीही चांगला. आणि डब्याऐवजी उघडा कोनवाला फिल्टर लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो आपल्या धुळीसाठी नाहीच. तो इंजिनची गरम हवा ओढतो, शिवाय तेल लावायच्या जाळीचं तेल उडून मॅफवर बसू शकतं.

हातात आल्यावर

झाकण उलटं करून सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवा. कड जिथे उचलली जाते तिथे ते वाकलेलं आहे. क्लिप अडकते ते कान अंगठ्याने हलके दाबा. पांढरी रेघ उमटली तर तिथे तडा सुरू झालाय. स्क्रूचे खांब, मॅफ बसायची चपटी जागा आणि तळातलं पाणी जाण्याचं भोक तपासा. ते भोक कचऱ्याने बुजलेलं असेल तर मोकळं करा, पण मोठं करू नका.

मॅफ नळीसकट आला तर आतला व्यास जुन्याशी मोजून जुळवा. सेन्सर त्या ठरावीक व्यासाच्या नळीतून जाणाऱ्या हवेवरून अंदाज बांधतो. नळी वेगळी आली तर इंजिनच्या कॉम्प्युटरला हवेचा आकडा चुकीचा जातो: पिकअप पडतो, कधी काळा धूर येतो, स्कॅनरवर पी०१०१ सारखा कोड दिसतो. तुमचा मॅफ चांगला असेल तर तोच नव्या डब्यावर चढवा. त्याच्या तारेवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका.

डबा साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. थेंबही राहता कामा नये. त्याआधी टर्बोकडचा होज स्वच्छ फडक्याने बंद करून ठेवा आणि जोडताना ते फडकं काढायला विसरू नका.

आता खरी परीक्षा. मान, बॉश, प्युरोलेटर अशा ओळखीच्या कंपनीचा, योग्य नंबरचा नवा फिल्टर घ्या. झाकणाच्या कडेला बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर लावा, झाकण बसवा, सगळ्या क्लिपा लावा आणि पुन्हा उघडा. फिल्टरच्या रबरावर ग्रीसची रेघ सलग चारी बाजूंनी उमटलेली हवी. कोपऱ्यात ती तुटली तर तिथून धूळ जाणार. कड वाकलीय, की फिल्टर चुकलाय, ते शोधा. रेघ पूर्ण आली की जास्तीचं ग्रीस पुसून काढा आणि डबा पक्का करा. होजचे क्लॅम्प जुने, दातरे गेलेले असतील तर बदला.

डबा मिळेपर्यंत

मळक्या बाजूची भेग प्लास्टिक वेल्डिंगने भरून घेता येते, पण पीपी प्लास्टिकला पीपीचीच कांडी लागते. एम-सील किंवा फेविक्विक त्यावर धरत नाही. कान तुटला असेल आणि झाकण समान बसत असेल तर दोन रुंद पट्ट्यांनी डबा आवळून चालेल. स्वच्छ बाजूच्या आतून मात्र काहीही चिकटवू नका. तिथून सुटलेला एम-सीलचा खडा थेट टर्बोच्या पंख्यावर जातो.

नवा डबा बसवल्यावर पाचशे किलोमीटरनंतर एकदा झाकण उघडून तेच पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर दोष अजून झाकणाच्या कडेला किंवा होजच्या जोडावर आहे. फिल्टर बदलून तो जाणार नाही. जुन्या डब्यातला जो अर्धा भाग शाबूत आहे तो क्लिपा-स्क्रूंसकट पिशवीत घालून ठेवून द्या. अशा गाडीवाल्यांना एकमेकांचा आधार लागतो, आणि तुमचा उरलेला तळ दुसऱ्या कुणाला हवा असेल.