अमेरिकेतल्या शेरीफ ऑफिसात वरपर्यंत जायचं असेल तर

शेरीफ म्हटलं की मुंबईकराला नगरपाल आठवतो. वर्षभराचं मानाचं पद, दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनीही भूषवलेलं, पण हाताखाली ना पोलीस ना तुरुंग. अमेरिकेतला शेरीफ निराळा. तो काउंटीचा असतो, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्याचा, आणि बहुतेक राज्यांत लोक त्याला मतं देऊन निवडतात. काउंटीचं जेल तो चालवतो, कोर्टातला बंदोबस्त त्याच्याकडे असतो, समन्स बजावणं आणि कोर्टाच्या हुकमाने घर रिकामं करून घेणं ही कामं त्याची माणसं करतात. ज्या वस्त्यांना स्वतःची नगरपालिका नाही तिथली गस्तही त्याचीच.

तिकडे वाढलेल्या आपल्या मुलामुलींपैकी कुणी या नोकरीचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो: यात पुढे काय, आणि थेट एसपी होण्यासारखी परीक्षा कुठली? तशी परीक्षा नाही. यूपीएससी देऊन पंचविशीत वरच्या खुर्चीत बसायचा दरवाजा या खात्याला नाही. खात्यातून वर आलेला अंडरशेरीफसुद्धा, म्हणजे शेरीफच्या खालोखालचा माणूस, कधीकाळी जेलच्या बराकीसमोर चाव्यांचा जुडगा घेऊन फिरलेला असतो. साधारण लेफ्टनंटपर्यंत परीक्षा, कॅप्टनपासून वर नेमणूक आणि शेवटच्या, म्हणजे शेरीफच्या, खुर्चीसाठी मतदान, असे या वाटेचे तीन तुकडे आहेत. तिन्हींचे नियम वेगळे. हुशार माणसं अडकतात ती बहुधा पहिल्या तुकड्याचे नियम दुसऱ्यात वापरायला गेल्यामुळे.

पुढचा तपशील मुख्यतः कॅलिफोर्नियाचा आहे. लॉस एंजेलिस काउंटीचं शेरीफ खातं देशातलं सर्वांत मोठं. तिथली शिडी खालून वर अशी: डेप्युटी (म्हणजे साधा अंमलदार), सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, कमांडर, चीफ, असिस्टंट शेरीफ, अंडरशेरीफ. टेक्सासमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला चीफ डेप्युटी म्हणतात, दक्षिणेकडच्या राज्यांत मेजर आणि कर्नलही भेटतात. हुद्द्याच्या नावावर जाऊ नका. त्या खुर्चीखाली माणसं किती आणि बजेट कुणाच्या सहीने खर्च होतं, हे विचारा.

आत शिरताना

कॅलिफोर्नियात शांतता अधिकारी (पीस ऑफिसर, म्हणजे पोलीस किंवा डेप्युटी) म्हणून भरतीचं किमान वय आता २१ आहे. २०२३ पासून राज्याच्या कायद्यात नागरिकत्वाची अट उरलेली नाही, काम करण्याचा कायदेशीर परवाना पुरतो. पण यावरून एच-वन-बी वाल्यांनी आशा धरू नये. तो परवाना ज्या कंपनीने काढला तिच्याच नोकरीपुरता असतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना मात्र खरोखर फायदा आहे. इतर अनेक राज्यांत नागरिकत्व लागतंच, त्यामुळे आधी राज्य ठरवा, मग तयारी.

आपली माणसं अडखळतात ती पार्श्वभूमी तपासणीत, आणि तीही नावापायी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर ते नवऱ्याचं होतं, आडनाव बदलतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. तपास अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. फॉर्ममध्ये आतापर्यंतची सगळी नावं, सगळे जुने पत्ते, सगळ्या नोकऱ्या लिहा, अगदी दोन महिन्यांची सोडून दिलेलीसुद्धा. चुकीपेक्षा लपवाछपवीने बाद होणारे जास्त, कारण इथे कसोटी सगळ्यांत आधी खरेपणाची आहे. याचं कारण पुढे येईल.

अकादमीचा राज्याने ठरवलेला किमान अभ्यासक्रम ६६४ तासांचा, प्रत्यक्षात बहुतेक अकादम्या त्याहून लांब चालतात.

जेलमधली वर्षं

मोठ्या काउंट्यांत नव्या डेप्युटीची पहिली नेमणूक बहुधा जेलमध्ये होते. तरुणांना गाडी, सायरन आणि गस्त हवी असते, म्हणून ही वर्षं ते दिवस मोजत काढतात. वर जायचं असेल तर हीच वर्षं सगळ्यांत कामाची. पुढे कॅप्टन किंवा चीफ झाल्यावर खात्यावर जे दावे येतात, ज्या मृत्यूंची चौकशी होते, ज्या ओव्हरटाइमवरून काउंटीचे सुपरवायझर (म्हणजे काउंटीचा कारभार बघणारे लोकनियुक्त सदस्य) धारेवर धरतात, त्यातलं बरंचसं जेलमधून येतं. जेल न समजलेला वरिष्ठ अधिकारी बजेटच्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो.

एकच गोष्ट जवळून बघू. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे कैद्यांची सुरक्षा-फेरी तासाला किमान एकदा, प्रत्यक्ष डोळ्यांनी बघून करायची असते. बघायचं काय? चादरीखाली छाती वर-खाली होते आहे का, खिडकीच्या गजाला काही बांधलंय का, जेवणाचा ट्रे सलग दोन वेळा न शिवता परत गेलाय का. मग वेळ नोंदवायची. चुकतं ते नोंदीत. रात्रपाळीला फेरी झाली १:४७ ला आणि वहीत लिहिलं २:००, पुढची ३:००, त्यापुढची ४:००. कैदी दगावला की तपास अधिकारी सगळ्यात आधी ही सरळ रेघेतली वही आणि कॅमेऱ्याची घड्याळं शेजारी शेजारी ठेवतो. फेरी उशिरा झाली तर शिक्षा निभावून नेता येते. खोटी नोंद निभत नाही.

ती का निभत नाही? १९६३ सालच्या ब्रेडी विरुद्ध मेरीलँड या निकालाने सरकारी वकिलावर बंधन घातलं की आरोपीच्या बाजूने जाणारा पुरावा त्याला द्यावा लागेल, आणि १९७२ च्या गिग्लिओ निकालाने साक्षीदाराच्या विश्वासार्हतेविषयीची माहितीही त्यात आली. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याच्या खोटेपणाची नोंद असेल तर ती बचाव पक्षाला कळवावी लागते. असा अधिकारी साक्षीला निकामी, आणि साक्षीला निकामी माणसाला सार्जंट कोण करणार? वीस वर्षांपूर्वीची एक खोटी ओळ कॅप्टनच्या नेमणुकीच्या वेळी फाईलमधून वर येते.

सार्जंट आणि लेफ्टनंट: परीक्षेचा काळ

गस्त, मग तपास किंवा प्रशिक्षण, असा प्रवास करत सार्जंट व्हायला सात-आठ वर्षं लागली तर तो उशीर समजू नये. मधल्या वर्षांत एक तरी नेमणूक नव्या डेप्युटींना शिकवण्याची घ्या. दुसऱ्याच्या कामाचं रोजचं लेखी मूल्यमापन करायची सवय तिथेच लागते, आणि सार्जंटचं निम्मं काम तेच असतं.

शिक्षणाचा हिशोब आधीच करा. राज्याचं प्रगत प्रमाणपत्र, ज्याला पोस्ट ॲडव्हान्स्ड म्हणतात (पोस्ट हे पोलिसी प्रशिक्षणाचे निकष ठरवणारं राज्याचं मंडळ), ते पदवीधराला ६ वर्षांच्या आणि पदव्युत्तराला ४ वर्षांच्या नोकरीनंतर मिळू शकतं, अर्थात प्रशिक्षणाचे तास भरले असतील तर. पदवी कुठल्याही विषयाची चालते. सगळे गुन्हेशास्त्र घेतात, पण वर जायचं असेल तर लोकप्रशासन किंवा हिशोबशास्त्र जास्त उपयोगी पडतं.

लेफ्टनंटच्या परीक्षेत अनेक ठिकाणी इन-बास्केट नावाचा प्रकार असतो. समोर कागदांचा गठ्ठा, घड्याळ लावलेलं. तुम्ही आजच या पाळीचे प्रमुख झाला आहात अशी कल्पना. गठ्ठ्यात असतं काय: एका कैद्याच्या आईची तक्रार की मुलाला औषध मिळत नाही, तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप अडकतंय असा मेमो, सुपरवायझरच्या कार्यालयाचं उद्या उत्तर मागणारं पत्र, दोन डेप्युटींमधल्या भांडणाची चिठ्ठी, ओव्हरटाइमचा तक्ता, निवृत्तीच्या समारंभाचं आमंत्रण. उमेदवार वरून खाली एकेक कागद सोडवत जातो आणि तिथेच हरतो. आधी सगळा गठ्ठा वाचायचा. जिवाशी संबंधित कागद बाजूला काढायचे: औषध आणि कुलूप. यात एक मेख असते. औषधाच्या तक्रारीतला कैदी त्याच नादुरुस्त कुलपाच्या मजल्यावर असतो, आणि भांडणाऱ्यांपैकी एकाची त्या मजल्यावर सलग तिसरी ओव्हरटाइम पाळी असते. हे तीन कागद एकत्र जोडणाऱ्याला गुण. प्रत्येक कागदावर चार गोष्टी लिहा: काम कुणाला दिलं, किती वाजेपर्यंत, कुणाला कळवलं, झालं की नाही हे मी कधी बघणार. बहुतेकांची शेवटची गोष्ट राहून जाते. सगळं स्वतःच करणारा उमेदवारही नापास होतो, कारण तो अजून डेप्युटीच आहे हे त्याने स्वतःच सिद्ध केलेलं असतं.

तोंडी परीक्षेत आपल्या मुलांना एक अडचण येते. वडीलधाऱ्यांसमोर मी-मी करू नये असे घरचे संस्कार. त्यामुळे उत्तरात सगळीकडे आम्ही केलं, टीमने केलं. परीक्षक तुमचा निर्णय शोधत असतो, तो त्याला सापडत नाही. नम्रता आवाजात ठेवा, कर्ता मात्र मी ठेवा.

कॅप्टनपासून पुढे

इथून नियम बदलतात. गुणवत्ता यादी मागे पडते आणि शेरीफची पसंती मोठी होते. पसंती म्हणजे हांजी-हांजी असं समजणारे दोन्ही बाजूंनी चुकतात. काही ती करत बसतात, काही तिच्या भीतीने अर्जच करत नाहीत. शेरीफला हवा असतो तो असा माणूस, ज्याच्या विभागातून संध्याकाळी अनपेक्षित फोन येत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये यासाठी एक फार चांगली शाळा आहे. १९५४ साली लेकवुड शहराने स्वतःचं पोलीस दल उभारण्याऐवजी काउंटीच्या शेरीफकडून कराराने सेवा घेतली. पुढे बऱ्याच शहरांनी तोच मार्ग धरला. अशा शहराच्या ठाण्याचा कॅप्टन व्यवहारात त्या शहराचा पोलीस प्रमुखच असतो. नगर परिषदेला आकडे देणं, करारातल्या गस्तीच्या तासांचा हिशोब मांडणं, शाळेबाहेरच्या पार्किंगवरून चिडलेल्या पालकांना सामोरं जाणं, हे सगळं त्याच्याकडे. मुख्यालयातली बिनगर्दीची खुर्ची आणि असं ठाणं यांत निवड करायची वेळ आली तर ठाणं घ्यावं. आणि एक वर्ष तरी बजेटच्या कामात काढावं. काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, मागण्यांची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. मे महिन्यात जागा मागायला जाणाऱ्या कॅप्टनला हात हलवत परत यावं लागतं.

याच काळात व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथल्या एफबीआय नॅशनल अकादमीला पाठवणी व्हावी अशी सगळ्यांची इच्छा असते. अभ्यासक्रम १० आठवड्यांचा, स्वतः अर्ज करून भागत नाही, खात्याच्या प्रमुखाने नाव सुचवावं लागतं. शेवटी ६.१ मैलांची अडथळ्यांची धाव, आणि ती पुरी करणाऱ्याला पिवळी वीट मिळते. ती वीट पुढे अनेक चीफच्या टेबलावर दिसते. खरा लाभ विटेपेक्षा ओळखींचा आहे: देशभरच्या आणि परदेशातल्या अधिकाऱ्यांचे फोन नंबर.

शेवटची खुर्ची

शेरीफपदाला खात्याची शिडी बंधनकारक नाही. कॅलिफोर्नियात प्रगत प्रमाणपत्र, किंवा शिक्षण आणि पूर्णवेळ पोलिसी अनुभव यांची ठरावीक सांगड, एवढी पात्रता पुरते. पदवीधराला त्यासाठी २ वर्षांचा अनुभव चालतो. म्हणूनच २०१८ साली लॉस एंजेलिसमध्ये निवृत्त लेफ्टनंट ॲलेक्स व्हियानुएवा यांनी तेव्हाचे शेरीफ जिम मॅकडॉनेल यांना हरवलं. म्हणजे मधल्या पाच पायऱ्या एका मतदानात ओलांडल्या. मॅकडॉनेल स्वतः लाँग बीच शहराचे पोलीस प्रमुख राहून आलेले, आणि २०२२ मध्ये व्हियानुएवांना हरवणारे रॉबर्ट लूना हेही तिथलेच माजी प्रमुख. शिकागोच्या कुक काउंटीचे टॉम डार्ट तर सरकारी वकील आणि आमदार राहिलेले.

निवडणुकीला उभं राहणाऱ्याने किंवा कुणाचा प्रचार करणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. गणवेशात प्रचार करू नये, कॅलिफोर्नियात त्याला कायद्यानेच मनाई आहे. पगार संपूर्णपणे केंद्राच्या अनुदानातून येत असेल तर पक्षीय निवडणूक लढवता येत नाही, सरकारी पगारदारांच्या राजकारणावर बंधनं घालणारा हॅच कायदा आडवा येतो. कॅलिफोर्नियात शेरीफची निवडणूक पक्षाविना होते, टेक्सासमध्ये पक्षाच्या तिकिटावर, त्यामुळे हे राज्यागणिक तपासावं. तिसरी गोष्ट समाजमाध्यमांची. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनमध्ये विरोधी उमेदवाराच्या पानाला लाइक केल्यावर नोकरी गेलेल्या डेप्युटीचं प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेलं, आणि २०१३ मध्ये कोर्टाने लाइक हेही अभिव्यक्तीच आहे असं ठरवलं. न्याय मिळाला, पण निवडणूक होती २००९ ची. मधली वर्षं कुणी भरून देत नाही.

राजकीय निष्ठेवरून नोकरी घालवण्याला सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये कुक काउंटीच्याच शेरीफविरुद्धच्या खटल्यात लगाम घातला. मात्र धोरण ठरवणारी पदं त्या संरक्षणातून वगळली. अंडरशेरीफ आणि असिस्टंट शेरीफ नेमके त्याच वर्गात येतात. नवा शेरीफ आला की पहिल्या आठवड्यात वरची फळी बदलते, आणि त्यात त्यांचा काही दोष असावा लागत नाही.

म्हणून वरची नेमणूक स्वीकारण्याआधी मनुष्यबळ विभागाला दोन प्रश्न लेखी विचारा. पहिला: हे पद गेलं तर परीक्षेने मिळवलेल्या शेवटच्या हुद्द्यावर परत येण्याचा हक्क राहतो का, आणि किती दिवसांत तो सांगावा लागतो? दुसरा: पेन्शन कुठल्या पगारावर धरणार? कॅलिफोर्नियात २०१३ पासून प्रथमच सेवेत आलेल्यांचं पेन्शन सलग ३६ महिन्यांच्या सर्वाधिक सरासरी पगारावर मोजतात. अंडरशेरीफपद १४ महिन्यांत सुटलं तर त्या पगाराचा सरासरीत वाटा तेवढाच. उत्तर ई-मेलवर घ्या आणि त्याची एक प्रत ऑफिसबाहेर, घरच्या फाईलमध्ये ठेवा, कारण पद जातं त्या दिवशी ऑफिसचा ई-मेलही बंद होतो.