लॅपटॉप तापतोय? आधी आकडा बघा
मालवणात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल-मे लागला की 'काम करता करता अचानक बंद पडतो' म्हणून गिऱ्हाइकं येतात. बॅटरी गेली असंच धरून चाललेली असतात. तिला हात लावण्याआधी तापमान बघा.

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा, अर्धा तास नेहमीचं काम करा आणि सीपीयूच्या (मुख्य चिपच्या) तापमानाच्या ओळीतला 'मॅक्सिमम'चा रकाना वाचा. जड कामाला ८०-८५ अंश चालतात. ९५च्या वर जाऊन तिथेच राहिला, तर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. बऱ्याच इंटेल चिपची हद्द १०० अंश असते.

आपल्याकडे खरा त्रास खाऱ्या, दमट हवेचा. धूळ कोरडी राहतच नाही, चिकटून बसते. मागच्या आठवड्यात एका होमस्टेवाल्या काकांचा लॅपटॉप उघडला. पंखा आणि जाळीच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये लाल मातीचा थर जमलेला. चिमट्याने धरून ओढला, तर बोटाएवढी अख्खी पट्टी सुटून आली, ओलसर लोकरीसारखी. ९७वर जाणारा लॅपटॉप त्यानंतर त्याच कामाला ७८वर थांबला.

वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरलाच न्या. नसेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा. स्क्रू लहानमोठे असतात, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून जागच्या जागी ठेवत जा. आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीची पिन सोडवा. मग खराट्याचा एक हीर पात्यांमध्ये घालून पंखा अडवा आणि तेव्हाच ब्लोअर मारा. मोकळा पंखा हवेने भरधाव फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. चिपवरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली पेस्ट वाळून खडू झाली असेल, तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

रोजच्यासाठी दोनच गोष्टी. गादी-गोधडीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवा कोंडते. मागच्या कडेखाली बाटलीची दोन बुचं सरकवा. भर उन्हाळ्यात पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे चिपचा जादा वेग, बंद होतो, बिलं-ईमेलच्या कामात फरक जाणवत नाही.

सफाई झाली की तेच काम अर्धा तास चालवून आकडा पुन्हा बघा आणि तारखेसकट चिकटपट्टीवर लिहून तळाला लावा. पुढच्या एप्रिलमध्ये तो दहाने वाढलेला दिसला, की स्क्रू-ड्रायव्हर काढा.